कर्क: एक जास्त

बाबांचा आवाज अजून दिवसातून दोनदा येतो. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला. सोमवारी सुट्टी.

यात अलंकार काही नाही. बाबा तारांगणात निवेदक होते. छत्तीस वर्षं घुमटाखालच्या अंधारात उभं राहून त्यांनी लोकांना आकाश समजावून सांगितलं, तेही प्रत्येक वेळी स्वतःच्या तोंडाने. आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या निवेदनाला ते ‘डबाबंद’ म्हणत आणि असं म्हणताना नाक मुरडत. मग घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल हे नक्की झाल्यावर त्यांनी डॉक्टरांकडून दोन दिवस मागून घेतले, बारा राशींचा अख्खा कार्यक्रम सावकाश बोलून ध्वनिमुद्रित करून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर चौदा महिने ते रोज कामावर जात होते. वरून त्यांचा आवाज सांगायचा, ‘आता सूर्य मावळतो आहे’, आणि खाली बटणांच्या टेबलाशी बसलेले बाबा मुकाट्याने सूर्य मावळवायचे.

पाच महिन्यांपूर्वी ते झोपेत गेले. आवाज मात्र कामावर राहिला.

मी तो ऐकायला गेले नव्हते. मी दुसऱ्या शहरात राहते, पुस्तकांची मुद्रितं तपासते, आणि कामाचं निमित्त काढायला मला कधी त्रास पडत नाही. त्या गुरुवारी वायरमनचा फोन आला नसता तर आणखी पाच महिने सहज गेले असते. वायरमन म्हणजे बावीस वर्षं बाबांबरोबर काम केलेला सहकारी. तारांगणातली वायर, दिवे, मोटारी, सगळं त्याच्याकडे. बाबा त्याला वायरमन म्हणत, तो त्यांना मास्तर म्हणे. मला तो अंत्यदर्शनाला एकदाच भेटला होता.

“ताई, तुमच्याशी बोलायचं होतं. म्हणजे, मास्तरांच्या आकाशाबद्दल.”

“बोला ना.”

“त्यात एक तारा जास्त आहे.”

“कर्क राशीत,” मी म्हटलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि मी बावीस वर्षं त्याच्याखाली उभा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

त्यालाही हे आपणहून कळलं नव्हतं. गच्चीवर दुर्बीण मांडून बसणाऱ्या कोण्या गृहस्थांनी व्यवस्थापकांना पत्र पाठवलं होतं. सोबत आकृती, आकृतीत लाल बाण, आणि ‘जनतेची दिशाभूल’ असे शब्द. व्यवस्थापकसाहेबांनी पत्रावर शेरा मारला: येत्या सोमवारच्या सफाईत बुजवणे.

“लाखेचा एक ठिपका,” वायरमन म्हणाला. “पाच मिनिटांचं काम. पण माझा हात होत नाही, ताई. ब्रश घेऊन दोनदा उभा राहिलो.”

“मग दुसऱ्या कोणाला सांगा.”

“सांगितलं असतं. पण सफाईची जुनी वही काढून बघितली. त्यात मास्तरांनी काही लिहून ठेवलंय. तुमच्याबद्दल आहे. ते मी फोनवर वाचणार नाही. तुम्ही या.”

*

त्या ताऱ्याची गोष्ट सांगायला हवी.

तारांगणातलं यंत्र मोठं विचित्र दिसतं. दोन टोकांना दोन काळे गोळे, मध्ये बारीक कंबर, आणि खाली लोखंडी पाय. सगळे त्याला मुंगळा म्हणत. गोळ्यांच्या आत प्रखर दिवा असतो आणि दिव्यासमोर तांब्याच्या पातळ पत्र्याच्या चकत्या. चकत्यांना सुईच्या टोकाएवढी हजारो भोकं. एकेका भोकातून जो उजेड बाहेर पडतो तो घुमटावर एकेक तारा होतो. वर्षातून एकदा या चकत्या काढून भोकांत बसलेली धूळ सुईने मोकळी करायची असते. ते काम बाबांनी कोणाला करू दिलं नाही.

मी सात वर्षांची असताना एका सुट्टीत बाबांनी मला कार्यक्रमाला नेलं. कर्क राशीपाशी आल्यावर मी भर अंधारात, भरल्या सभागृहात ओरडून विचारलं, “बाबा, त्या पुसट ठिपक्याच्या खाली कोण आहे? तो तुम्ही सांगितलाच नाही!” लोक हसले. बाबा पुढच्या राशीकडे वळले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू सांगितलं, “तो तुझा आहे. म्हणून सांगितला नाही. कुणाला बोलू नकोस.”

मी बोलले नाही. दहा वर्षं बोलले नाही. सतराव्या वर्षी कॉलेजची सहल एका डोंगरावर मुक्कामाला गेली. तिथे गावाचा एकही दिवा दिसत नव्हता. कोणीतरी दुर्बीण आणली होती. मला राहवलं नाही आणि मी मैत्रिणींना म्हटलं, “या, तुम्हाला माझा तारा दाखवते.” तासभर शोधला. खेकड्याचे पाचही तारे सापडले, मधला पुसट ठिपकाही सापडला. त्याच्याखाली काही नव्हतं. पुढचं वर्षभर मला कॉलेजात ‘तारका’ म्हणत असत, आणि ते कौतुकाने नव्हे.

घरी येऊन मी विचारलं तेव्हा बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “चूक आहे ती. सफाई करताना सुई घसरली होती.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“तू सगळ्यांसमोर विचारलंस.”

एवढंच उत्तर. म्हणजे मी एक चूक झाकायच्या कामी आले होते. भोकावर बोट ठेवतात तसा माझा उपयोग झाला होता. त्यानंतर मी घुमटाखाली कधी गेले नाही. त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण मिटवता येतं. आम्ही एकमेकांशी नीट बोलत होतो, पुस्तकांबद्दल, हवामानाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. आकाशाचा विषय तेवढा निघत नसे.

*

शनिवारी संध्याकाळी मी घरी पोचले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचे दोन शर्ट अजून त्या ढिगात होते.

“हे कशाला धुतेस?”

“कपाटात ठेवून वास येतो गं.” तिने बाही सरळ केली. “आणि आज सकाळी मी तुझ्या बाबांना ऐकून आले. कुंभेपाशी दोन बायका बडबडत होत्या. वायरमनने दिवा मारला त्यांच्या तोंडावर.”

आई महिन्यातून दोनदा तरी जाते हे मला ठाऊक होतं. ती हे दुकानात जाऊन आल्यासारखं सांगते.

शस्त्रक्रियेनंतर बाबा टिचक्यांनी बोलत. टेबलावर, भांड्यावर, फोनच्या तोंडाशी नखाने टिचकी. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाकीचं लिहून. फोनवर मी प्रश्न विचारायचे आणि ते टिचकी मारायचे. बरे आहात ना? टक्. जेवलात का? टक्. मला बरं वाटायचं, कारण बहुतेक सगळ्याला ते होच म्हणत.

“एवढ्या संसारात बोलून बोलले नसतील एवढं ते टिचक्या मारून बोलले,” आई म्हणाली. “पण शेवटी शेवटी सावकाश झाले होते हो. हात कापायचा. एक टिचकी मारली की दुसरीला बोट उचलायला वेळ लागायचा. त्यांच्या दोन टिचक्यांच्या मध्ये मी आत जाऊन दूध उतरवून यायचे.”

“काय?”

“अगं, ‘नाही’ म्हणायला त्यांना तेवढा वेळ लागायचा. मला सवय झाली होती. थांबायचं.”

माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. मी त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

ते जायच्या चार दिवस आधी त्यांनी स्वतःहून मला फोन केला होता. ते स्वतःहून कधी करत नसत. बोलता न येणारा माणूस फोन कशाला करील? माझ्यासमोर पाचशे पानांची मुद्रितं होती, दुसऱ्या दिवशी छपाईला जायची. मी विचारलं, “काही काम होतं का, बाबा?” टक्. “संध्याकाळी बोललं तर चालेल ना?” टक्. “बरं मग, ठेवते,” म्हणून मी फोन कानापासून दूर केला. तेव्हा तारेत काहीतरी वाजलं. की नाही वाजलं. पाच महिने मी ते वाजवून बघते आहे. संध्याकाळी मी फोन केलाच नाही.

“आई, त्यांना मला काय विचारायचं होतं?”

“कधी?”

“शेवटचा फोन केला होता तेव्हा.”

आईने शर्टाची कॉलर दाबून बसवली. “मला नाही सांगितलं. पाटीवर लिहिलं फक्त, ‘घाईत आहे ती’.”

*

रविवारी अकराच्या कार्यक्रमाला चौदा माणसं होती. बाहेर लख्ख ऊन होतं. दोन जाड पडदे ओलांडले की आत गारवा आणि खुर्च्यांच्या जुन्या कापडाचा वास. मी काठावरच्या खुर्चीत बसले. मान मागे टाकली. कापड डोक्याशी गुळगुळीत झालं होतं.

दिवे मंद होत गेले आणि वरून आवाज आला, “नमस्कार. सावकाश बसा. आकाश कुठे पळून जात नाही.”

मी तयारीने आले होते. तरी खुर्चीचा हात घट्ट धरला. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकताना रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आपण इथे उशिरा पोचलो आहोत, आणि आपल्याला ओरडायला बाबा कार्यक्रम संपायची वाट पाहत आहेत, असं वाटलं.

मेष, वृषभ, मिथुन. मग ती जागा आली.

“उजवीकडे पुनर्वसूची जोडी. डावीकडे मघा. या दोघांच्या मध्ये काय आहे? काही नाही, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. बारा राशींतली ही सगळ्यात गरीब रास. कर्क, म्हणजे खेकडा. पाच मंद तारे आणि मधोमध एक पुसट ठिपका. तो ठिपका म्हणजे शेकडो ताऱ्यांचा थवा आहे. पण रोखून पाहिलंत तर पुसला जाईल. अंधुक उजेड डोळ्याच्या काठालाच दिसतो. तेव्हा थोडं बाजूला पाहा, जणू तुम्हाला त्याचं काही पडलेलं नाही. घाई करू नका. मी थांबतो.”

आणि शांतता. चाळीस सेकंद. लोकांचे डोळे स्थिरावावेत म्हणून बाबा नेहमीच एवढं थांबत. लहानपणी त्या शांततेत टेबलावर त्यांच्या नखाचा आवाज यायचा, ते सेकंद मोजायचे. आता तिथे काहीच नव्हतं.

ठिपक्याच्या खाली तो होता. चोवीस वर्षांनी पाहिला. रोखून पाहिला तसा विरला, म्हणून मी नजर खाली सरकवली, टेबलाच्या दिशेने. तारा डोळ्याच्या वरच्या काठाला उजळ झाला. आणि खालच्या काठाला, टेबलाशी, स्टुलावर कोणीतरी बसलेलं दिसलं. डावा खांदा किंचित खाली. बाबांचा डावा खांदा जन्मभर तसाच होता.

वायरमन असणार, मी स्वतःला सांगितलं. आणि सरळ पाहिलं. स्टूल रिकामं होतं. वायरमन दाराच्या पडद्यापाशी उभा होता, हातात बॅटरी घेऊन.

“दिसला?” वरून आवाज म्हणाला. “ज्यांना दिसला नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. आता सिंह.”

नंतर वायरमनला विचारलं. “त्या शांततेत पूर्वी टकटक असायची ना? टेबलावरची?”

“होती. पण फीत झिजायला लागली म्हणून संगणकावर चढवली ना, तेव्हा संगणकवाल्या मुलीने सगळी खरखर साफ केली. तीही गेली.” त्याने बॅटरी खिशात घातली. “एकदम स्वच्छ केलंय. मला तर करमत नाही.”

मग त्याने वही आणली. शाळकरी, जाड पुठ्ठ्याची. दर वर्षाच्या सफाईचं एक पान. अक्षर बाबांचं, बारीक, उजवीकडे कललेलं. वायरमन म्हणाला, “मी तोवर मोटारीला तेल घालतो,” आणि जिन्याखाली गेला. त्या मोटारीला तेलाची गरज नव्हती हे त्यालाही माहीत होतं.

पहिली नोंद चौतीस वर्षांपूर्वीची: ‘कर्क. सफाई करताना सुई घसरली. एक भोक जास्त. उद्या लाख लावणे.’

त्याच्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख. ती मी ओळखली, सुट्टीतला तो दिवस होता. ‘कर्क. लाख लावली नाही.’

पुढच्या वर्षी: ‘कर्क. एक जास्त. राहू दिला.’

त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्याच्याही पुढच्या. मी पानं उलटत गेले. माझा धंदाच चुका शोधायचा. दिसली की हात पेन्सिलीकडे जातो. बाबाही तसेच होते. ज्या माणसाला घड्याळ अर्धं मिनिट पुढे असलेलं खपत नसे, त्याने दरवर्षी ती चकती हातात घेतली, ती चूक पाहिली, शेजारी लाखेची बाटली होती, आणि लिहिलं, राहू दिला. मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी मात्र वेगळं होतं: ‘कर्क. एक जास्त. आता बुजवायला हरकत नाही.’ आणि खाली, दुसऱ्या शाईत, ‘राहू दिला.’

शेवटची नोंद गेल्या वर्षीची. अक्षर मोठं आणि वाकडं झालेलं.

‘कर्क. बुजवून जावं. तिला विचारून.’

मी पुस्तकांत भुतांच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या आहेत. भूत परत येतं कारण त्याचं काही सांगायचं राहिलेलं असतं. माझ्या बाबांचं विचारायचं राहिलं होतं.

*

सोमवारी सकाळी आम्ही दोघंच होतो. मी रात्रभर विचार करून उत्तर आणलं होतं. त्यांना आपलं आकाश बिनचूक करून जायचं होतं, आणि माझ्या रुसव्यापायी ते अडलं. चोवीस वर्षं मी ती चूक त्यांच्याकडे गहाण टाकल्यासारखी ठेवली. आता सोडवायला हवी.

“मी लावते लाख,” मी वायरमनला म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “वहीत तसंच लिहिलंय म्हणा.”

“हो.”

“मग एकदा लावून बघू. नेमकं भोक हेरायला हवं. चुकून शेजारचं बुजवलं तर तो दुर्बीणवाला पुस्तक लिहील.”

त्याने दिवे घालवले, मुंगळा फिरवला आणि आवाज लावला. त्याला आवाजाशिवाय जागा सापडत नसे. सोमवारच्या रिकाम्या घुमटात बाबा कोणालाच उद्देशून बोलू लागले. पुनर्वसू. मघा. सगळ्यात गरीब रास. “घाई करू नका. मी थांबतो.”

शांतता सुरू झाली. मी टेबलापासून चार पावलांवर उभी होते आणि टेबलाकडे पाहत नव्हते. वर पाहत होते, ताऱ्याच्या जरा बाजूला.

“बाबा,” मी म्हटलं. मोठ्याने, कारण हळू बोलले असते तर वेडेपणा वाटला असता. “बुजवू ना?”

टक्.

कोरडा, स्पष्ट. नखाचा.

वायरमन अंधारातून चटकन म्हणाला, “घुमट आहे, ताई. पत्रा आहे ना वरचा. गार हवा सुरू झाली की आकसतो, वाजतो.”

“हो.”

मी थांबले. मनात आकडे मोजले. दहा. वीस. आईने या वेळात भांडं उतरवलं असतं. तीस. डोळ्यांच्या खालच्या काठाला स्टुलावर काहीतरी गडद होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही. चाळीस.

“दिसला?” बाबांचा आवाज म्हणाला. “ज्यांना दिसला नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका.”

दुसरी टिचकी आली नाही. म्हणजे हो.

वायरमनने आवाज बंद केला, दिवे लावले, यंत्राचा दिवा घालवला, गोळा निवू दिला. मग स्क्रू काढून चकती बाहेर काढली आणि पांढऱ्या कापडावर ठेवली. बशीएवढी, तांबूस, दिव्यासमोर धरली तर सगळी टिमटिमणारी. भिंगातून त्याने दाखवलं: इतर भोकं गोल, नेमकी. हे एकच जरा लांबट होतं, घसरलेलं. इतक्या जवळून मी ते प्रथमच पाहत होते.

“वाळायला वीस मिनिटं लागतात,” त्याने बाटलीचं झाकण फिरवून दिलं. “तोवर बोट लावायचं नाही. एकदा वाळली की मग देव आला तरी निघत नाही.”

ब्रशला तीनच केस होते. मी श्वास धरला आणि ठिपका ठेवला. काळा, चकचकीत, राईच्या दाण्याहून लहान. उजेड थांबला.

“गेला,” वायरमन म्हणाला. त्याने तोंड फिरवलं आणि स्क्रू उगीच मोजायला लागला. “साहेबांना दाखवायला नको. त्यांना मान वर करून बघायला वेळ कुठे असतो! पत्रावर टिक केली की त्यांचं आकाश निरभ्र.”

मी हसले. ब्रश पुसला. बाटलीचं झाकण घेतलं, आटे बसवले, फिरवलं.

टक्.

आवाज टेबलाकडून आला. गार हवा केव्हाच बंद केली होती. मोटारी बंद होत्या. मी झाकण हातात धरून उभी राहिले. पहिली टिचकी होऊन पंधरा मिनिटं तरी झाली असतील. इतकं अंतर कोणाच्या दोन टिचक्यांत नसतं, हे मला कळतं. माझा हात गेल्या वेळी फोन खाली ठेवत होता, हेही मला कळत होतं.

मी वायरमनकडे पाहिलं. या वेळी तो घुमटाबद्दल काही बोलला नाही. त्याने खणातून स्वच्छ फडकं काढलं, त्यावर स्पिरिट ओतलं आणि माझ्यासमोर धरलं. त्याचे डोळे चकतीवर होते, टेबलाकडे त्याने पाहिलं नाही.

“ओली आहे अजून,” तो म्हणाला. “एका हाताने पत्रा धरा. दाबू नका.”

लाख एका पुसण्यात निघाली नाही. दुसऱ्यांदा फिरवलं, मग तिसऱ्यांदा. फडक्यावर काळा डाग आला. मी चकती दिव्यासमोर धरली. पाच तारे, थवा, आणि थव्याच्या खाली ते लांबट भोक. त्यातून उजेडाची एक रेघ माझ्या अंगठ्यावर पडली.

मग मात्र रडू आलं. वायरमन जिन्याखाली मोटारीला तेल घालायला गेला.

तो परत आला तेव्हा मी वही उघडून बसले होते. “साहेबांना काय सांगायचं?” त्याने विचारलं.

“मी भेटते त्यांना. त्या गृहस्थांनाही मीच उत्तर लिहिते. त्यांचं बरोबर आहे. आकाशात असा तारा नाही.”

“आणि लोकांना?”

“दारावर पाटी लावा. या घुमटात कर्क राशीत एक तारा जास्त आहे.”

“लोक तेवढाच बघायला येतील की हो!” तो म्हणाला. “मास्तर गेले आणि त्या गरीब राशीचे दिवस पालटले.”

मी बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिलं: ‘कर्क. एक जास्त. विचारलं. राहू दिला.’

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती. मी आत गेल्यावर तिने विचारलं, “झालं काम?”

“नाही म्हणाले.”

कोण, असं तिने विचारलं नाही. तिने उठून दिवा लावला.

“थांबलीस ना पण?”

“जरा घाई झाली,” मी म्हटलं. “पण थांबले.”